काखेतलं काजळ

१

बाटलीतली गाठ काळी होती. बोराएवढी, आणि मधून कापली तर दौतीत बुडवून काढल्यासारखी.

डॉ. ओमेश्वरी कटरे यांनी तिचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि डोळा लावला. गोंदियाच्या बाजारातल्या एका गल्लीत, पोह्याच्या हॉटेलाच्या वर त्यांची लॅब होती. खालून तर्रीचा वास जिना चढून येत होता आणि बाईंचं निम्मं लक्ष तिकडे होतं. पण काचेवर जे दिसलं ते पाहून त्या पोहे विसरल्या.

गाठ होती तिरोड्याजवळच्या एका गावातल्या दुर्गेश्वरी पटले नावाच्या शिक्षिकेची. उजव्या काखेतून काढलेली. काढतानाच ती काळपट दिसली म्हणून सर्जन डॉ. धनेंद्र रहांगडाले यांनी घरच्यांना सांगून टाकलं होतं, की हा कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर दिसतो, काखेपर्यंत पसरलाय, नागपूरला मोठ्या ऑपरेशनची तयारी ठेवा. बॅगाही भरल्या गेल्या होत्या.

ओमेश्वरीबाईंना मात्र कॅन्सरची एकही पेशी दिसेना. दिसत होत्या त्या मोठाल्या, निवांत बसलेल्या मॅक्रोफेज पेशी. शरीरात शिरलेली घाण गिळून टाकणं हे त्यांचं काम. बाई त्यांना कोतवाल म्हणत. या कोतवालांनी काळी भुकटी पोटभर गिळली होती आणि ती जपून ठेवली होती.

बाई एकट्याच मोठ्यानं हसल्या आणि त्यांनी फोन फिरवला.

"रहांगडाले, तुमची पेशंट ठणठणीत आहे. हे गोंदणाचं काजळ आहे. हातावर गोंदलं की कातडीतले कोतवाल ते गिळतात, आणि त्यातलं थोडं वाहत काखेतल्या गाठीत येऊन बसतं. गाठ पाहून भले भले फसतात."



"मॅडम, मैंने खुद देखा है," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही हात, पाठ, छाती, सगळं तपासलं. त्या बाईच्या अंगावर गोंदणाचा एक ठिपकासुद्धा नाही."

२

"म्हणजे बाटली बदलली," डॉ. रहांगडाले पुढे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "त्याच दिवशी मी तुमच्याकडे एका बिडी ओढणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसाचा तुकडा पाठवला होता आणि एक लिव्हरचा. मी पाहिलं ते कॅन्सरचं काळं, तुम्ही पाहताय ते बिडीचं काळं. तुमच्या रश्मीनं घोळ घातला. कॅन्सर नाही म्हणून लिहाल आणि उद्या ती बाई मरेल. मी तिला नागपूरला पाठवतोय."

रश्मी मडावी बाजूलाच उभी होती. बारा वर्षं ती या लॅबमध्ये होती आणि फोनचा आवाज एवढा मोठा होता, की तिला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

"मॅडम, मी बाटली बदलली नाही जी," ती म्हणाली.  "नाव लिहिल्याशिवाय मी झाकण उघडतच नाही."

"मला माहीत आहे गं. पण माहीत असून चालत नाही, दाखवावं लागतं. तिन्ही काचा आण. आणि खालून दोन प्लेट पोहे सांग. उपाशीपोटी मी कोणालाच निर्दोष ठरवू शकत नाही."

पोहे आले, काचाही आल्या. बाईंनी रश्मीला शेजारी बसवलं.

"ही लिव्हरची. इथले कोतवाल रक्ताच्या वाटेवरच ठाण मांडून बसतात. आतड्यातून जे काही रक्तात येईल ते तिथंच अडवायचं. यांच्या अंगावर काळं काहीच नाही. ही बाजूला ठेव. आता ही फुफ्फुसाची. काय दिसतं?"

रश्मीनं डोळा लावला. "हवेच्या पोकळ्या. त्यांच्यात कोतवाल, धूळ खाऊन काळे झालेले."

"म्हणजे फुफ्फुसाच्या बाटलीत फुफ्फुसच आहे. ते कुठं गेलं नाही. पण रहांगडाले म्हणतील, त्या माणसाच्या फुफ्फुसाशेजारची गाठ आली असेल. त्याचंही उत्तर काढू." बाईंनी प्रकाशाच्या वाटेत एक खास भिंग बसवलं. "आता बघ."

"चमकून राहिलं मॅडम! काळ्याच्या मधे मधे बारीक चांदण्या."

"ती रेती. श्वासातून धूर जातो तशी धूळही जाते, आणि धुळीत रेती असते. आपल्या गावात तर राईस मिलचा भुसा चोवीस तास उडतो. आता काखेची गाठ त्याच भिंगाखाली ठेव."

रश्मीनं काच सरकवली. ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून पाहिली. मग हळूच म्हणाली, "एकही चांदणी नाही. नुसतं काळं."

"म्हणजे हे श्वासातून आलेलं नाही. कातडीच्या रंगाचं असतं तर विरंजकात धुतल्यावर फिकं पडलं असतं. मी धुऊन पाहिलं, पडलं नाही. रक्तातल्या लोखंडाचं असतं तर निळे डाग उमटले असते. तेही नाहीत. हे शुद्ध काजळ आहे, रश्मी. सुईनं टोचलेलं. आणि गाठ त्या बाईचीच आहे."

रश्मीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच मावळलं.

"पण मॅडम, हातावर गोंदण नाही, तं काखेत काजळ आलं कुठून?"

बाईंनी प्लेटमधला शेवटचा घास पुसून खाल्ला.

"तेच विचारायला तिला बोलावते आहे," त्या म्हणाल्या.

३

दुर्गेश्वरी पटले आली ती आईला घेऊन. पंचेचाळिशीची, उंच, मोकळ्या आवाजाची बाई. आई राजकुमारीबाई, लहानखुरी, पंचाहत्तरीची, डोक्यावरचा पदर एका हातानं घट्ट धरलेला.

"डॉक्टर, खरं सांगा," दुर्गेश्वरी बसता बसताच म्हणाली. "मी गेले तर पाचवीचा वर्ग मिठाई वाटेल. त्यांना एवढा आनंद मला द्यायचा नाही."

ओमेश्वरीबाईंना ती तिथंच आवडून गेली.

"मला कॅन्सर दिसत नाही. पण सर्जनसाहेबांना पटलं पाहिजे, नाहीतर ते तुमची काख खरवडून काढतील. म्हणून दोन गोष्टी विचारते. गाठ कधी फुगली?"

"दोन महिने झाले असतील. त्याच्या आधी शाळेच्या कुंपणाचा काटा लागला होता, अंगठा हा एवढा सुजला."

"झालं. अंगठ्यातला पू पाहून काखेतले कोतवाल कामाला लागले, म्हणून गाठ फुगली. गाठ कळली ती काट्यामुळे. पण काळं फार जुनं आहे. हाताला कधी गोंदवलं होतं?"

"कधीच नाही. उलट दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत सगळ्या मैत्रिणी गोंदवायच्या, मी हट्ट धरला तर मायनं मला मारलं होतं. आयुष्यात एकदाच मारलं, ते त्यावरून."

राजकुमारीबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"हात बघू."

दुर्गेश्वरीनं उजवा हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत, आतल्या बाजूनं, जुनी भाजल्याची खूण होती. कातडी ताणलेली, चकचकीत, कागदासारखी. सर्जननं ती पाहिली असणारच, पण तो गोंदण शोधत होता, आणि भाजल्याची खूण म्हणजे गोंदण नव्हे.

"हे कधीचं?"

उत्तर आईनं दिलं, अगदी चटकन. "रांगत होती जी. वर्षाची बी नव्हती झाली. भाताचा माड काढून राहिली होती मी, उकळती गंजी हातावर लवंडली."

"म्हणजे तुम्हाला आठवत नाही?" बाईंनी दुर्गेश्वरीला विचारलं.

"काहीच नाही. नुसता ढोलाचा आवाज आठवतो, आणि जळक्या तेलाचा वास. माय म्हणते ते स्वप्न आहे."

ओमेश्वरीबाईंनी हात सोडला. मग दोघींना खाली पोहे खायला धाडलं आणि दार लोटून घेतलं.

"रश्मी," त्या म्हणाल्या, "म्हातारी खोटं बोलली. आणि मला वाटतं, एवढंच नाही. ती घाबरली आहे."

४

"कसं काय मॅडम?"

"काजळ काखेत पोचलं, म्हणजे गोंदण याच हातावर होतं. बाकी हात कोरा आहे. उरली ती भाजलेली जागा. तिथली कातडी जळली, तिच्याबरोबर कातडीतले कोतवाल जळले, गोंदण गेलं. पण जे आधीच काखेत पोचलं होतं त्याला कोण हात लावणार? तेव्हा क्रम असा. आधी गोंदलं, मग भाजलं. आता माय म्हणते, वर्षाच्या आत भाजलं. रांगत्या लेकराला कोणी गोंदवतं का?"

"नाही जी. आमच्याकडे बी चार-पाचची झाल्याशिवाय नाही."

"मग भाजलं ते चार-पाचव्या वर्षी. पोटची पोर कधी भाजली हे कुठली आई विसरेल? ती विसरलेली नाही. तिला ती वर्षं लपवायची आहेत."

पुढच्याच रविवारी बाई आणि रश्मी पटल्यांच्या गावाला, बोदलकसा तलावाच्या वाटेला लागल्या. धान निघून गेलं होतं, शेतांच्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, आणि तलावाच्या बाजूनं गार वारं येत होतं. पटल्यांच्या घरी जाण्याआधी ओमेश्वरीबाईंनी गावातल्या सगळ्यात जुन्या सुइणीची चौकशी केली. देवकाबाई ऐंशीच्या होत्या आणि अंगणात बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या.

"या गावात जन्मलेलं लेकरू म्या नाही पाहिलं असं नाही," त्या म्हणाल्या. "अर्धा गाव या हातातून आला."

"दुर्गेश्वरी मास्तरीणबाई पण?"

देवकाबाईंचा हात थांबला.

"ते कायले इथं जन्मेल? केशोराव नि राजकुमारी दुसऱ्या गावाहून आले, इथं शेती घेतली. पोरगी तवा चार-पाचची होती, गाडीवरून आपल्या पायानं उतरली."

"हात कसा होता तिचा?"

"पट्टी होती बाई. ओली पट्टी, औषधाचा वास मारत होती. रातभर रडे. म्याच लोणी लावलं." म्हातारीनं डोळे बारीक केले. "तुमी इचारून राहिल्या म्हणून सांगतो. आजवर कोणी इचारलंच नाही."

गल्लीच्या टोकाशी पटल्यांचं घर होतं. दारात राजकुमारीबाई उभ्या होत्या, आणि त्यांनी या दोघींना देवकाबाईच्या अंगणातून बाहेर पडताना पाहिलं होतं.

५

"तुम्ही तिले सांगितलं का?" राजकुमारीबाईंनी विचारलं तो पहिला प्रश्न हाच.

"नाही काकी. मी आधी तुमच्याकडे आले. हे सांगायचं तर तुम्ही सांगायचं."

ओसरीवर तिघी बसल्या. दुर्गेश्वरी आत चहा ठेवत होती. ओमेश्वरीबाईंनी आवाज खाली आणला आणि आपल्याला जे कळलं होतं तेवढं सांगितलं: गोंदण, मग आग, मग हे गाव. म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"मंडईत आग लागली होती," शेवटी ती म्हणाली. "जिलबीवाल्याची कढई पेटली, मंडप पेटला. लोक पळाले. हे लेकरू एका खांबापाशी उभं, हात जळेल होता. आमच्या यायनं, दुर्गाच्या बाबानं, उचललं नि बैलगाडीत टाकून गोंदियाले दवाखान्यात नेलं. आम्हाले लेकरू नव्हतं. पण खोटं नाही सांगत, यायनं लय शोधलं. ठाण्यात सांगितलं, गावोगाव इचारलं. कोणी नाही आलं."

"कोणीच नाही?"

राजकुमारीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"एक आला होता. दुसऱ्या वर्षी. गोंड माणूस, नवेगाव बांधचा. दारात उभा राहून इचारलं, हातावर इचवाचं गोंदण असलेली पोरगी तुमच्याकडे हाय का. हे शेतावर होते. म्या म्हटलं, आमच्या पोरीच्या हातावर गोंदण नाही." तिनं डॉक्टरांचा हात धरला. "खोटं नव्हतं ना डॉक्टरीणबाई? नव्हतंच गोंदण. जळून गेलं होतं. तो हात जोडून गेला. म्या यायले बी नाही सांगितलं. म्हटलं, आता मले माय म्हणून राहिली, आता कशी देऊ?"

दारात कपबशा वाजल्या. दुर्गेश्वरी ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिनं ट्रे खाली ठेवला, आईसमोर बसली आणि भाजलेल्या हातावरून दुसरा हात फिरवला.

"म्हणून मारलं होतंस," ती म्हणाली. "गोंदवायचं म्हटलं म्हणून."

"हो."

"बसवून सांगितलं असतंस तर मी गेले असते का गं तुला सोडून?"

म्हातारीनं पदरात तोंड लपवलं. दुर्गेश्वरीनं तिचे दोन्ही हात धरले. मग डॉक्टरांकडे वळून, डोळ्यांत पाणी असताना वर्गातल्या हुकमाच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या गाडीत चौघी मावतील ना? नवेगाव बांध कितीसं दूर आहे!"

६

मावल्या. राजकुमारीबाई यायला तयार नव्हत्या, पण लेकीनं त्यांना अक्षरशः उचलून मागच्या सीटवर बसवलं. वाटेत ओमेश्वरीबाईंनी बजावून ठेवलं, की आधी कोणी काही बोलायचं नाही, दुर्गेश्वरीनं हात पदराखाली ठेवायचा, आणि विचारायचं ते मीच विचारीन. "गोड वाटतं म्हणून खरं मानायचं नाही. माझ्या धंद्यात तेवढी एकच शिस्त आहे."

नवेगाव बांधला तलावाकाठच्या छोट्या वस्तीत, टोलीत, मंडईच्या आगीत हरवलेल्या मुलीबद्दल विचारलं, तर पहिल्याच घरानं बोट दाखवलं. चाळीस वर्षं झाली तरी गोष्ट गावात जिवंत होती. मोहाच्या झाडाखालच्या घरात फुलवंताबाई जाळं विणत होती. पन्नाशीची, ठसठशीत, उजव्या हातावर कोपराखाली विंचू गोंदलेला. आत खाटेवर तिचा बाप मनीराम उईके बसला होता. ऐंशी ओलांडलेला, कान शाबूत, नजर अधू.

"तुमची धाकटी बहीण हरवली होती?" ओमेश्वरीबाईंनी विचारलं.

"सुखवंता," फुलवंता म्हणाली. "तुमी काऊन इचारून राहिल्या?"

"तिच्या हातावर गोंदण होतं?"

"आमचं दोघींचं एकाच दिवशी गोंदलं. ते रडली नाही, मी रडलो. इचू. उजव्या हातावर, आतल्या अंगानं." तिनं आपला हात वळवून जागा दाखवली.

"अजून काही आठवतं?"

फुलवंता जरा हसली. "डाव्या पायाची दोन बोटं जुळेल होती. बाबाची बी तशीच हायेत. मी तिले बदक म्हणून चिडवे, तं मले चावे."

ओमेश्वरीबाईंनी गाडीत किंवा लॅबमध्ये दुर्गेश्वरीचे पाय पाहिलेच नव्हते. त्यांनी आता मागे वळून पाहिलं. दुर्गेश्वरी एक शब्द न बोलता डाव्या पायातली चप्पल काढत होती.

फुलवंताच्या हातातलं जाळं खाली पडलं. ती किंचाळली की हसली ते कोणालाच कळलं नाही. टोलीतली माणसं मात्र धावत आली. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून एकदम बोलत होत्या, दुर्गेश्वरी आपल्या शाळेचं, फुलवंता जुन्या दिवसांचं, आणि कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. रश्मीनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि मग न राहवून तीही त्या घोळक्यात शिरली.

मनीराम खाटेवरून उठला. लेकीच्या चेहऱ्यावरून, मग त्या भाजलेल्या हातावरून त्यानं बोटं फिरवली. गोंदण होतं तिथं बोटं थांबली.

"जळलं," तो म्हणाला.

अंगणाच्या कडेला राजकुमारीबाई अंग चोरून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवू लागल्या.

"दादा, तुमी माझ्या दारात आले होते. म्या..."

मनीरामनं त्यांना मधेच धरून उभं केलं. आवाज त्यानं ओळखला होता.

"तू खोटं नाही बोलली बाई. चूक माझी होती. म्या पोरगी इचाराची, तं गोंदण इचारलं." त्यानं मान लेकीकडे वळवली. "तिले शिकवली ना तू? मास्तरीण केली. माझ्याच्यानं नसतं झालं."

ओमेश्वरीबाईंनी तरीही दोन्ही बहिणींच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं डीएनएचा नमुना घेतला आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवून दिला. जुळल्याचं उत्तर आलं तेव्हा त्याची वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी डॉ. रहांगडालेंना सगळा अहवाल वाचून दाखवला. ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टर स्वतः जिना चढून लॅबमध्ये आले, रश्मीसमोर उभे राहून "माफ करो बहन" म्हणाले आणि सगळ्यांच्या पोह्याचं बिल देऊन गेले. पण ते नंतर.

त्या दिवशी मात्र तलावावरचं ऊन उतरेपर्यंत कोणी निघायचं नावच घेत नव्हतं. पाण्यावर परदेशी बदकांचे थवे उतरले होते. चुलीवर मासोळीचा रस्सा रटरटत होता. दुर्गेश्वरी साडी खोचून काठावरच्या पाण्यात उतरली होती आणि टोलीतली पोरं तिच्याभोवती जमली होती, कारण तिनं त्यांना बघता बघता पाढे म्हणायला लावलं होतं.

जेवण तयार झालं तेव्हा राजकुमारीबाई आणि मनीराम दोघंही दाराशी आले आणि एकाच वेळी हाक मारू लागले.

"दुर्गाऽऽ!"

"सुखवंताऽऽ!"

दोघं थबकले, एकमेकांकडे पाहून ओशाळले. म्हाताऱ्यानं हातानं खूण केली, तू मार बाई. राजकुमारीबाईंनी मान हलवली, तुमी मारा.

पण तोवर पाण्यातून उत्तर आलं होतं. ती दोन्ही हात उंचावून, साडी भिजवत, धावतच काठाकडे निघाली होती.

"ओऽऽ!"